तुळईतली रिकामी खाच : जुन्या घराचं लाकूड आणि एक टेबल

आज आधी दोन आवाज ऐका. वाचत असाल तर नुसती कल्पना करा.

[ठप् ठप्] हे माझ्या पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधलं कपाट.

[टण् टण्] आणि हे टेबल. आत्ता माईक याच्यावरच ठेवलाय.

कपाट पार्टिकल बोर्डचं आहे. म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी, वरून लाकडासारखा दिसणारा कागद. टेबल सागवानाचं. ते किती जुनं आहे हे आमच्या घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. का सांगता येत नाही, तीच आजची गोष्ट.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी : मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर कोड लिहितो. गाव कुंडल. सांगली जिल्हा, पलूस तालुका. रेल्वेनं आलात तर किर्लोस्करवाडीला उतरायचं, त्या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं ऐकली असतील तर आमचं गाव तुम्हाला ठाऊक असणारच. तो विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी वेगळा भाग करू. आज फक्त लाकूड.

तर झालं असं. मागच्या वर्षी कारखान्याचं धुराडं पेटायच्या आधी घरात ठरलं, की जुनं घर पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं. जुनं घर म्हणजे माळवदाचं. तीन पावसाळे गळत होतं. पातेली ठेवून ठेवून आजी कंटाळली होती, त्यामुळं पाडण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. एक ठेकेदार आला, घर आतून-बाहेरून बघितलं, एका खांबावर नखानं खरवडलं आणि म्हणाला, "पाडायचं एक रुपया घेत नाही. माती-दगड आम्ही उचलतो. फक्त लाकूड आमचं. तसं ते जळाऊच हाय म्हणा."

थोरले काका खूश. मला मात्र त्या नखाची शंका आली. जळाऊ लाकूड कुणी नखानं खरवडून बघत नाही.

शहरात वाढलेल्यांसाठी आधी माळवद काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भिंती दगड-मातीच्या. आत लाकडी खांब, प्रत्येक खांबाखाली तळखडा, म्हणजे घडीव दगड. खांब जमिनीला टेकतच नाही, त्यामुळं ओल चढत नाही. खांबांवर आडव्या जाड तुळया. तुळयांवर कड्या. कड्यांवर किलच्या, म्हणजे फाडलेल्या लाकडाच्या आखूड पट्ट्या. त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी सहजासहजी आत सोडत नाही, पण दर पावसाळ्याआधी तिची डागडुजी करावी लागते. घरातली तरणी माणसं पुण्या-मुंबईला गेली की माळवद गळायला लागतं, त्याचं कारण हे. वर चढणारं कुणी राहत नाही.

घर केवढं हे फुटात सांगत नसत, खणात सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. "पाच खणी घर" म्हटलं की ऐकणाऱ्याला अंदाज यायचा. मला हे फार आवडतं, कारण मोजायचं एककच सांगतं की घर कसं जोडलंय.

आता हिशोब. सुतार लाकूड घनफुटात मोजतात, सूत्र सोपं आहे, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात. तिघांचा गुणाकार करायचा, १४४ नं भागायचं. आमच्या घरात ६ खांब, प्रत्येकी ७ फूट लांब, ६ बाय ६ इंच. एकाचं पावणेदोन घनफूट, सहांचं साडेदहा. तुळया ३, प्रत्येकी १२ फूट, ८ बाय ८. एकीचं साधारण ५.३३, तिघींचं १६. कड्या २०, ६ फुटी, ४ बाय ३. एकीचं अर्धा घनफूट, म्हणजे १०. बेरीज साडेछत्तीस घनफूट, दारं-चौकटी सोडून. यातल्या दोन तुळया आणि खांब सागाचे, एक तुळई बाभळीची, कड्यांमध्ये बाभूळ, कडुनिंब, मिळेल ते.

हा आकडा घेऊन मी जवळच्या वखारीत गेलो आणि जुन्या सागाचा घनफुटाला काय भाव देता ते विचारलं. भाव इथं सांगत नाही, तो गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. तुम्ही तुमच्या इथं विचारा. एवढंच सांगतो, की घर पाडायची मजुरी देऊनही लाकडाची किंमत तिच्या बरीच वर राहत होती. "फुकट" पाडणारा माणूस आमच्यावर उपकार करत नव्हता.

काकांचा पहिला प्रश्न : "मग तूच वीक की. तुला पुण्यात बसून कोण घेतंय बघ." रास्त प्रश्न होता. पैशाची गरज घराला होती, बांधकाम अंगावर होतं. शेवटी असं ठरलं : पाडकाम आम्ही मजूर लावून करायचं, एक सागाची तुळई, काही कड्या आणि मधल्या खोलीचा दरवाजा माझ्याकडं, बाकीचं विकायचं. आजीनं फक्त एक गोष्ट मागितली. सोप्याचा उंबरा. त्याचं पुढं सांगतो.

पाडताना गावातले एक म्हातारे सुतार मामा आले होते. सत्तरी ओलांडलेली, कानाला कमी ऐकू येतं, पण लाकडावर टकटक केलेली लांबून कळते. त्यांनी पहिला नियम सांगितला : वरून खाली. आधी माती उतरवा, मग किलच्या, मग कड्या, मग तुळई, शेवटी खांब. भिंतीला कुणी हात लावायचा नाही. मी तेव्हा सहज आकडेमोड केली. दहा बाय दहाची खोली, फूटभर मातीचा थर, म्हणजे शंभर घनफूट माती. एक घनफूट कोरडी माती चाळीस किलोच्या पुढं. चार टन! एका खोलीच्या डोक्यावर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि असली जड छपरं माणसांवर आली, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. आकडा हातानं काढला तेव्हा पोटात गोळा आला. एवढ्याखाली आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते खेळायचो. म्हणून हात जोडून सांगतो, रील बघून घर उतरवायला जाऊ नका. जाणता माणूस सोबत हवाच.

दोन दिवसांत माती उतरली. तिसऱ्या दिवशी तुळया.

मी पहार, कटर, सगळी तयारी करून उभा. मामांनी एक लाकडी मोगरी घेतली, खांबाच्या डोक्याशी चार-पाच ठोके दिले, बाजूनं दोघांना उचलायला सांगितलं आणि तुळई सुटली. एक खिळा नाही. खांबाच्या डोक्यावर कुसू, म्हणजे कोरून ठेवलेली जीभ. तुळईच्या पोटात तेवढ्याच मापाची खाच. कुसू खाचेत बसतो आणि वरची चार टन माती त्याला जागेवर धरून ठेवते. वजन काढलं की सांधा मोकळा. आपल्या भाषेत सांगायचं तर हे घर अन-इन्स्टॉल करता येत होतं.

तुळई जमिनीवर उताणी ठेवली तेव्हा मला त्यात एक बग दिसला.

आमच्या घरात त्या तुळईला तीन खांब होते. दोन्ही टोकांना एकेक आणि एक मध्ये. म्हणजे खाचा तीन हव्यात. होत्या पाच. जास्तीच्या दोन खाचा मधल्या खांबापासून भलत्याच अंतरावर, आणि त्यांच्यात काजळी आणि कोळिष्टकं. आमच्या घरात त्यांच्याखाली कधीच खांब नव्हता. मी मामांना विचारलं, सुताराची चूक झाली का? मामा हसले. "चूक कशाची? दुसऱ्या घरच्या खाचा हायत्या त्या."

तेवढ्यात आजी बाहेर आली. तिला विचारलं तर म्हणाली, "व्हय की. माझ्या सासऱ्यांनी आणलंतं ते लाकूड. नदीकाठच्या गावातनं, कुणाचा तरी वाडा पडला हुता. दोन बैलगाड्या घिऊन गेलंते." कुठलं गाव? आठवत नाही. कुणाचा वाडा? "मला काय म्हाईत, माझं लगीन बी झालं नव्हतं तवा."

म्हणजे ज्याला मी आमचं वडिलोपार्जित लाकूड म्हणून मिरवत होतो, ते आमच्याकडं सेकंड हँड आलं होतं. तुळई आमच्या घराआधी एक घर जगून आली होती. त्याआधी आणखी एक? मामांनी खाचांचे काठ बघितले आणि म्हणाले, एक खाच वाकसानं केलीय, दुसरी पटाशीनं, हात वेगळे आहेत. याच्यापुढं काही कळायचा मार्ग नाही.

खरं सांगतो, मी तोवर या सगळ्याला "अपसायकलिंग" म्हणत होतो. इन्स्टावर हॅशटॅग बिगटॅग ठरवून ठेवला होता. त्या दिवशी लाज वाटली. पणजोबांनी बैलगाडी जुंपून जे केलं, त्याला त्यांनी काही नाव दिलं नव्हतं.

आणि आजूबाजूला बघायला लागलो तर हीच रीत सगळीकडं. फाटलेल्या लुगड्यांची वाकळ होते. शिलाई मशीन गेलं तरी त्याच्या बिडाच्या पायांवर फळी ठोकून टेबल होतं. मोडक्या गाडीची साटी गोठ्याचं दार होते. किर्लोस्करवाडीचंच बघा, आमच्या शेजारी. १९१० साली औंध संस्थानानं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना हलवला. लोखंडी नांगर करायचे. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा त्यांना वितळवायला दिल्या, अशी हकीकत आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तोफांचे नांगर. यापुढं माझं टेबल म्हणजे किस झाड की पत्ती.

दुसरं उदाहरण पुण्यातलं, तुम्हाला जाऊन बघता येईल असं. राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या आसपास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, भांडी, आणि पडणाऱ्या वाड्यांची कोरीव दारं, खिडक्या, खांब. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह सरकारकडं सोपवला. तिथं मस्तानी महाल म्हणून एक दालन आहे. ते मूळचं कोथरूडचं. तिथून सोडवून आणून संग्रहालयात पुन्हा उभं केलंय. मी कॉलेजात असताना बघितलं होतं तेव्हा कोरीवकाम बघितलं. आता परत गेलो तर सांधे बघत होतो. गार्डला वाटलं असणार याचं काहीतरी बिनसलंय.

बरं, आता कामाचं. तुमच्याकडं असं लाकूड असेल तर काय बघायचं. यातलं निम्मं मी चुका करून शिकलोय.

सगळ्यात आधी खिळे. तुळईत खिळा नव्हता, पण शंभर वर्षांत माणसं लाकडावर काय काय ठोकतात! कंदिलाची आकडी, दोरीची खुंटी, कॅलेंडर, लाईटची पट्टी. माझ्या तुळईतून एकवीस खिळे निघाले. बाविसावा सॉ मिलच्या पात्यानं शोधला. पातं गेलं, मालकानं मला जे ऐकवलं ते पॉडकास्टवर सांगण्यासारखं नाही, आणि पात्याचे पैसे मी भरले. चूक माझीच. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, ते डाग शोधायचे. आणि शंभर-दोनशे रुपयांचं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या अंगावरून फिरवायचं. चुंबक कुठं ओढलं गेलं की थांबायचं. हे मला पातं तुटल्यावर सुचलं.

मग कीड. बारीक, टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडलेला असेल, तर भुंगा आत आहे आणि अजून खातोय. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळं तो बहुतेक वाचतो. बाहेरचं फिकट, पांढरट लाकूड पहिलं जातं. तेवढं तासून टाकायचं. बाभूळ जड आणि चिवट, म्हणून तर गाड्यांना आणि औतांना बाभळीचंच लाकूड. पण तिच्यावर यंत्राचा रंधा चालवणं म्हणजे दगडावर चालवणं. कडुनिंबाच्या कड्या हलक्या कामाला छान.

दरवाज्याबद्दल जरा गंभीर व्हा. आमच्या मधल्या दाराला हिरव्या ऑइलपेंटचे चार थर होते. मी ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून बसणारच होतो. तेवढ्यात आठवलं, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कडक मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या दारावरचा रंग काय आहे हे बघून कळत नाही. घासला की धूळ होते, धूळ नाकात जाते, पोरांच्या हातातून तोंडात जाते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं आणि त्याची सुरक्षित पातळी नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि ब्लो लॅम्पनं जाळायचाही नाही. मामा जाळणारच होते, आयुष्यभर तेच केलंय त्यांनी. मी पाणी मारत मारत पत्र्यानं खरवडला, खाली ताडपत्री, तोंडाला चांगला मास्क, पुतणीला आत्याकडं पाठवलं आणि खरवड पिशवीत भरून टाकली. चार दिवस गेले. शंका असेल तर सरळ रंग तसाच ठेवा आणि वरून नवा द्या. तोही मार्ग आहे.

आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर घरात आणू नका. दिसतात झकास, पण किडू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरातलं रसायन पाजलेलं असतं. त्यावर जेवणाचं ताट ठेवण्याची जागा नाही ती.

आता टेबल.

माझ्या डोक्यात आधी दाराचं टेबल होतं, सगळ्यांच्याच डोक्यात असतं. करून बघितलं. दाराच्या चौकोनी खोलगट भागात भाकरीचे तुकडे, शेव, पेनाची टोपणं सगळं साचतं. वर काच टाकावी लागते, आणि काच टाकली की मग दुकानातलंच आणायचं होतं की. ते दार आता नव्या घरात दार म्हणूनच बसलंय. दाराचं दारच करावं. एवढी साधी गोष्ट कळायला मला पंधरा दिवस लागले.

तुळईची लांबी १२ फूट, वजन शंभर किलोच्या घरात. साग घनफुटाला अठरा-साडेअठरा किलो धरा. त्यातला साडेचार फुटांचा चांगला तुकडा काढला, तो चिरून ८ इंच रुंदीच्या फळ्या केल्या, तीन फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या. दोन फुटांची रुंदी मिळाली. रंधा मारला तेव्हा आतून मधासारखा रंग आणि तो सागाचा वास, इतक्या वर्षांनी! तिथं मी अर्धा तास काही केलं नाही. नुसता वास घेत बसलो.

मग चूक. वरची फळी मी खालच्या चौकटीला स्क्रूनं गच्च आवळली. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "पावसाळ्यात बघू." इंजिनिअरनं मान डोलावली आणि दुर्लक्ष केलं. जुनं लाकूड वाळलेलं असतं, हलत नाही, असं मी धरून चाललो होतो. लाकूड कितीही जुनं असो, हवेतली दमट पिऊन रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, सगळा खेळ रुंदीत. दोन फुटाला काही मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण स्क्रूनं बांधून ठेवलं तर ते मिलिमीटर कुठून तरी वाट काढतात. जुलैत फळी मधोमध उचलली गेली. मग स्क्रू काढले आणि भोकं लांबट केली, म्हणजे स्क्रू धरून ठेवतो पण फळीला सरकायला जागा मिळते. बसलं ठीक.

पाय कड्यांचे केले आणि तिथं मी मामांचं मुकाट ऐकलं. दोन बाजूच्या चौकटी, मधून एक आडवी दांडी. दांडीचा कुसू चौकटीतून आरपार बाहेर येतो आणि बाहेर आलेल्या टोकात लाकडी पाचर मारायची. गोंद नाही, खिळा नाही. पाचर काढली की पाच मिनिटांत टेबल सुटं. भाड्यानं राहणाऱ्यांनो, हे नीट ऐका. पार्टिकल बोर्डचं कपाट एकदा उघडून परत जोडलं की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात, दुसऱ्या शिफ्टिंगला ते डुलायला लागतं, तिसऱ्याला वॉचमनला देऊन टाकावं लागतं. माझं टेबल कुंडलहून पुण्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं, वाकळेत गुंडाळून. लिफ्टमध्ये मावलं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा पाचर मारायला हातोडी नव्हती, लाटण्यानं मारली.

असे सुटे होणारे प्रकार जगात बरेच आहेत. इटलीत एन्झो मारी नावाच्या डिझायनरनं १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळ्यांनी करता येणाऱ्या टेबल-खुर्च्या-पलंगांचे आराखडे, टपालखर्च पाठवेल त्याला देऊन टाकले. ओपन सोर्सच म्हणा. त्याचे नकाशे बघितले, आवडले. पण खिळा आला की परत उघडणं अवघड, तिथं मामा त्याच्या पुढं आहेत असं माझं मत.

ते स्वस्त पडलं का? नाही. मामांची हजेरी, चिराई, ते पातं, वाहतूक, माझ्या सहा आठवड्यांच्या सुट्टीच्या दिवसांतली ये-जा. एवढ्यात ऑनलाइन दोन टेबलं आली असती, खुर्चीसकट. "टाकाऊतून टिकाऊ, खर्च शून्य" असं कुणी व्हिडिओत सांगत असेल तर त्यानं स्वतःच्या वेळेचा आणि हत्यारांचा हिशोब लपवलाय. आणि सगळं लाकूड वाचलंही नाही. किलच्या बहुतेक कुजल्या होत्या, त्या चुलीत गेल्या. बाभळीची तुळई आणि बाकीचं ज्या व्यापाऱ्यानं नेलं, त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मुंबईत ओशिवऱ्याच्या किंवा चोर बाजारच्या दुकानात "रस्टिक" अशी चिठ्ठी लावून उभं असेल कदाचित, किंवा वीटभट्टीत गेलं असेल.

वीटभट्टीवरून आठवलं. २०१९ च्या महापुरात मी शेवटच्या वर्षाला होतो, भिलवडीकडच्या एका मित्राच्या घरी चिखल काढायला गेलो होतो. कुंडल नदीपासून आत असल्यानं आम्ही वाचलो होतो, काठावरच्या गावांत मात्र मातीच्या भिंती विरघळून बसल्या होत्या. तुळया, खांब तसेच चिखलात आडवे. पंचनामा, औषधं, जनावरं, यात लाकडाकडं बघायला कुणाला सवड असणार? आम्ही पोरांनीच ते फोडून सरपणाचा ढीग केला, मदत म्हणून. सागाचं असणार त्यातलं काही. ओलं लाकूड सावलीत, मधे पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असं रचलं असतं तर चार-सहा महिन्यांत वाळून परत वापरता आलं असतं. तेव्हा माहीतच नव्हतं. त्या ढिगातही रिकाम्या खाचा असतील, आता वाटतं.

राहिला आजीचा उंबरा.

पाच फुटांचा, शिसवासारखा काळा, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला. मला त्याचं बाकडं करायचं होतं. ती झीज बसायला अगदी बेतल्यासारखी. मी उत्साहानं आजीला फोनवर रेखाटन दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "उंबऱ्यावर बसत्यात व्हय रं कुणी? शिंकसुद्धा दिऊ न्हाई उंबऱ्यावर उभारून. तू ढुंगण टेकवणार?" मी म्हटलं, आजी, आता ते नुसतं लाकूड आहे. ती म्हणाली, "तुझ्यासाठी."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. घनफुटात तो एकाला कमीच भरतो. नव्या घराला मार्बलची पट्टी लागणार होती, गवंड्याचा हट्ट, काकांचाही. आठ-दहा दिवस तो उंबरा पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा होता आणि आजी येता-जाता त्याला हात लावत होती. शेवटी मामांनीच तोडगा काढला. भिंतीत दोन दगडी टोड्या बसवल्या आणि त्यावर उंबरा आडवा ठेवला, झिजलेली बाजू वर, देव्हाऱ्याखाली. समई ठेवायला ती खोलगट जागा मिळाली. तेल सांडलं तरी तिथंच राहतं. त्याला रंधा मारू दिला नाही तिनं, पॉलिशही नाही. फक्त ओल्या फडक्यानं पुसला.

आणि त्या रिकाम्या खाचा? दोन्ही माझ्या साडेचार फुटांच्या तुकड्यातच आल्या. फळ्या चिरल्यावर एकीला आरपार चौकोनी भोक राहिलं, तीन इंच बाय दोन. मी लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून ते बुजवायला घेतलं होतं, अर्धं भरलंही. मामांनी पटाशीनं सगळं परत कोरून काढलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढच्याला कळंल." आत्ता त्यातून माईकची वायर खाली गेलीय, लॅपटॉपचा चार्जरही तिथूनच जातो.

मामांच्या हातची एक तिसरी, नवी खाच माझ्या टेबलात आहे, दांडीची. पुढं कधी कुणी हे सोडवलं तर त्याला तिचं कोडं पडेल.

चला, आजच्यापुरतं एवढंच. दोन खांब अजून गावाकडं शेडमध्ये आहेत. काकांना आता दिवाण हवाय म्हणे, तेच काका! तुमच्या गावच्या घरात तुळई असेल तर तिच्या पोटाखाली उभं राहून टॉर्च मारा. खांब नसलेल्या जागी खाच दिसली तर फोटो काढून पाठवा, आणि अंतर मोजून लिहा. मामांना दाखवतो. त्यांच्याकडं स्मार्टफोन नाही, मी गावी गेलो की माझ्याच फोनवर बघतात, चष्मा पुसून.